गाळपेरची पिवळी चिठ्ठी

आमच्या घरात चूक झाली की ती पहिल्या पानावर जायची. घर म्हणजे मखमलाबादच्या बाजूला मळ्यातलं आमचं चार खोल्यांचं घर, आणि पान म्हणजे माझी आत्या काढत असे त्या 'गाळपेर' नावाच्या त्रैमासिकाचं. नदीचं पाणी ओसरल्यावर काठच्या ओल्या गाळात जी पेरणी करतात, ती गाळपेर. हे नाव आत्याला कुठे सुचलं ते तिने कधी सांगितलं नाही, पण विचारणाऱ्याला ती नावाचा अर्थ इतका वेळ समजावत बसायची की तो माणूस शेवटी वर्गणीदार होऊनच उठायचा. जिल्ह्यातल्या बारवा, घाट, बंधारे, जुने बाजार, विसरलेली घराणी असं सगळं त्यात यायचं. आत्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि माझ्या वडिलांची म्हणजे नानांची थोरली बहीण. नाना फुलं पिकवायचे. त्यामुळे आमच्या पडवीत एका बाजूला झेंडूचे ढीग आणि दुसऱ्या बाजूला 'गाळपेर'चे गठ्ठे असायचे, आणि अंकांना कायम झेंडूचा वास यायचा. एका वाचकाने तसं पत्रच लिहिलं होतं, तक्रारीच्या सुरात. आत्याने ते छापलं.

सकाळी दहा वाजता बायका माळा ओवायला बसत आणि त्याच वेळी आत्याचं प्रूफवाचन सुरू होई. ती मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. "या बारवेला एकूण सत्तावन्न पायऱ्या आहेत स्वल्पविराम त्यांपैकी अकरा गाळात आहेत पूर्णविराम." मी मूळ हस्तलिखितावर बोट ठेवून जुळवत जायची. सुया चालायच्या, फुलं टोपल्यांतून उपसली जायची, आणि मध्येच माळा ओवणारी कोंडाबाई म्हणायची, "बाई, त्या बारवंला माझं माहेर हाय. अकरा नाय, नऊ पायऱ्या गाळात हायेत. आम्ही तिथंच धुणं धुवायचो." मग आत्या पेन्सिल कानावर खोचायची आणि नानांना मोटरसायकल काढायला लावायची. नाना कुरकुरत, पण जात. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, पुढे इतिहासाच्या मी दोन पदव्या घेतल्या, पण पुरावा म्हणजे काय ते मला त्या पडवीतच कळलं.

चुकीबद्दल आत्याचे नियम कडक होते. दुरुस्ती शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, लग्नपत्रिकेतल्या टिपेसारखी छापायची नाही. ती पहिल्या पानावर, संपादकीयाच्याही वर. काय चुकलं होतं तेही लिहायचं, खरं काय तेही लिहायचं, आणि चूक कोणी केली त्याचं नाव लिहायचं. "मुद्रणदोष" हा शब्द आमच्याकडे बंद होता. आत्या म्हणायची, "मुद्रण कधी दोष करत नाही, माणूस करतो." त्यातही मोठं काम पुढेच असायचं. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या पिवळ्या कागदावर छापून घ्यायच्या आणि जुन्या अंकात त्या चुकलेल्या पानावर नेऊन चिकटवायच्या. जिल्ह्यात जिथे जिथे वाचनालयात 'गाळपेर' जायचा, तिथे तिथे एसटीने जाऊन. आणि ज्याच्याबद्दल चूक झाली असेल, त्याच्या घरी जाऊन ती चिठ्ठी त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. एकदा आत्याने सिन्नरच्या एका म्हाताऱ्या वैद्यबुवांना छापील मजकुरात मारून टाकलं होतं. ती चिठ्ठी घेऊन गेली, वाचून दाखवली. बुवांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आता मी खरोखर गेल्यावर पुन्हा छापाल ना? की जागा संपली?" आत्या ही गोष्ट स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसून हसून खोकायची.

चिठ्ठ्या चिकटवायला खळ आई करायची. गव्हाच्या पिठाची, पातळ, सतत ढवळत, आणि कसर लागू नये म्हणून शेवटी चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं पातेलं आणि कालथा वेगळा, त्याला लाल दोरा बांधलेला. तरीही ज्या दिवशी खळ शिजायची, त्या दिवशी नाना जेवणाला बसताना शेंगोळ्यांच्या रश्श्याकडे संशयाने पाहायचे. "हे खायचं हाय का चिकटवायचं?" आई त्यांच्या ताटात वाढायची. आईचे शेंगोळे घट्टच असायचे, हे मात्र मी दुरुस्तीशिवाय मान्य करते.

मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा शहरात गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघाली होती. मी तीन महिन्यांचा वर्ग केला आणि मला शिंगं फुटली. शिशाचे खिळे जुळवून छापलेला 'गाळपेर' मला एकदम गावंढळ दिसायला लागला. मोसम नदीवरच्या बंधाऱ्यांचा विशेषांक निघणार होता. मी आत्याला म्हटलं, हा अंक मी मांडते, ऑफसेटवर छापू. आत्या तयार झाली. त्या अंकाचा जीव होता एक फोटो. नामपूरच्या पुढे एका गावात पुराने फुटलेला बंधारा लोकांनी पुन्हा बांधला, त्या दिवशीचा. गावच्या एका जुन्या मास्तरांच्या पेटीत तो सापडला होता. पाच माणसं बंधाऱ्याच्या भिंतीवर उभी आहेत, मागून पाणी उतरतंय, बाजूने पाट निघालाय. फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नावं होती, डावीकडून. पहिलं नाव झिपरू पाटकरी. पाटकरी म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेताशेताला पाळीने सोडणारा माणूस. शेवटचं नाव बळवंतराव, गावचे मोठे जमीनदार, ज्यांनी बंधाऱ्याला दगड दिला. मधले तिघे गवंडी.

आमच्या वर्गातल्या सरांनी एक नियम शिकवला होता: चित्रातली माणसं पानाच्या आत बघणारी हवीत, बाहेर बघणारी नकोत. माझा फोटो डाव्या पानावर होता आणि पाचही जण डावीकडे, पानाबाहेर बघत होते. मला ते फार खुपलं. मी एक कळ दाबली आणि फोटो आरशातल्यासारखा उलटा केला. आता पाचही जण मजकुराकडे बघायला लागले. काय सुंदर पान झालं! खाली नावं टाकली, पाठीवर होती तशीच, डावीकडून. प्रूफ वाचताना आत्याने नावं मोठ्याने वाचली, मी मूळ फोटोच्या पाठीवर बोट ठेवून जुळवली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. फोटो पालथा घालून नावं वाचणाऱ्या आम्ही दोघी, चेहऱ्यांकडे कोणी पाहिलंच नाही.

अंक गाजला. बळवंतरावांचे पणतू दादासाहेब त्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्या घरात पणजोबांचा एकही फोटो नव्हता. ते गाडी घेऊन आमच्या पडवीत आले, झेंडूचे ढीग ओलांडून, आणि अंकातल्या त्या पानावर हात फिरवत बसले. आमच्या पानावर 'बळवंतराव' या नावाच्या वर उभा होता एक उंच, रुंद खांद्यांचा, पिळदार मिशांचा माणूस, हातात काठी रोवून. "बघा, कसे उभे आहेत," दादासाहेब म्हणाले. अंक मिटून त्यांनी तो कपाळाला लावला, आणि ते खोटं नव्हतं. चार महिन्यांत संस्थेच्या आवारात सिमेंटचा पुतळा उभा राहिला, त्या चेहऱ्याचा, त्या काठीसकट. फोटोत माणूस अनवाणी होता. मूर्तिकाराने त्याला जोडे घातले. अनावरणाला आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. आणि जाताना दादासाहेब मला म्हणाले, "जूनपासून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला या. पत्र पाठवतो." घरी आल्यावर आईने साखर वाटली. मळ्यात वाढलेली मुलगी खुर्चीवर बसून शिकवणार होती. मला त्या नोकरीची किती ओढ होती, हे लिहायला आजही लाज वाटत नाही.

एप्रिलमध्ये सीताबाई आली. साठीची, काटक, कडक इस्त्रीचं नऊवारी नेसलेली, पिशवीत अंक. नामपूरहून सकाळची गाडी पकडून पत्ता विचारत ती आली होती. पाणी पिऊन झाल्यावर तिने अंक उघडला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ताई, तुमना फोटोमा पाट उलटा शे."

मला कळलं नाही. तिने बोट टेकवलं. खालच्या अंगाने बंधाऱ्याकडे पाहिलं की पाट जेवायच्या हाताला येतो, म्हणाली, आणि इथे तर तो डाव्या हाताला आहे. "पानी असं जाऊच शकत नही. मनी हयाती त्या पाटवर गई." तिचा बाप पाटकरी, त्याचा बाप पाटकरी, आणि भाऊ नसल्याने बापामागे पाण्याच्या पाळ्या तीच बघत होती. तिला पुतळ्याबद्दल, नावांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पुस्तकात पाणी चुकीच्या बाजूला वाहतंय एवढंच सांगायला ती पाच तासांचा प्रवास करून आली होती. आईने तिला जेवू घातलं. जाताना ती कोंडाबाईशेजारी बसून दोन माळा ओवून गेली, रिकामं बसवेना म्हणून.

ती गेल्यावर मी मूळ फोटो काढला. पाट उजवीकडे. डावीकडून पहिला: उंच, रुंद खांद्यांचा, पिळदार मिशांचा, अनवाणी माणूस, हातात काठी. पाण्याची खोली मोजायची काठी. झिपरू पाटकरी. सीताबाईचा आजा. आणि उजव्या टोकाला, उन्हाने डोळे बारीक केलेला, टोपी कपाळावर ओढलेला, बुटका, भला दिसणारा एक माणूस: बळवंतराव. संस्थेच्या आवारात जोडे घालून झिपरू उभा होता आणि रोज सकाळी त्याला बळवंतराव म्हणून हार पडत होता. हार आमच्याच मळ्यातला होता; अनावरणापासून नाना तो रोज पहाटेच्या एसटीने पाठवायचे.

हे फक्त मला माहीत होतं. फोटो उलटा छापला गेला, एवढी एक ओळ दिली असती तर सीताबाईचं समाधान झालं असतं, पाणी सुलट झालं असतं आणि नावांचा प्रश्न कोणाला सुचलाही नसता. मी तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी प्रूफ वाचताना आत्या थांबली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाली, "मंदा, तू सलग तीन ओळी चुकीच्या जुळवल्यास. काय झालंय?" मी सांगितलं. माळा ओवणाऱ्यांच्या सुया थांबल्या. आत्याने फोटो घेतला, पाठीवरची नावं चेहऱ्यांशी जुळवली आणि म्हणाली, "लिही मग."

"माझ्या नावाने?"

"कळ कोणी दाबली?"

मी भडकले. म्हटलं, तुझी नोकरी झाली, निवृत्तिवेतन चालू आहे, तुला काय जातंय? आयुष्यात आत्याला मी एवढंच एकदा उलटून बोलले. नाना बाहेरून आत आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आक्का, पोरीचं पत्र अजून यायचं हाय. पाणी उलटं झालं एवढंच लिवा. ते काय खोटं नाय." आत्या म्हणाली, "खोटं नाही, पण निम्मं आहे. आणि काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तिचं नाव, तिने ठरवायचं. ती निम्मं लिहील तर निम्मं छापेन, आणि तो अंक माझा शेवटचा." एवढं बोलून ती प्रूफ घेऊन आत गेली. नाना मला म्हणाले, "ही अशीच हाय लहानपणापासून. लय ताप दिला हिनं." आणि मग, "मी पण त्या झिपरूला रोज हार पाठवतो म्हणायचं."

पत्र यायच्या आधी मी स्वतःच दादासाहेबांकडे गेले. छापण्यापूर्वी त्यांना समोर जाऊन सांगायचं, एवढं मी ठरवलं होतं. मूळ फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. ते हुशार होते, एका नजरेत समजले. त्यांनी त्या बुटक्या, डोळे बारीक केलेल्या माणसावर बोट ठेवलं.

"माझी नात म्हणते, माझं नाक पुतळ्यावर गेलंय," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मग त्यांनी आवाज सरळ केला. "हे बघा मंदाताई. फोटो उलटा छापला गेला, असं जरूर द्या. नावांचं राहू द्या. कोण विचारतंय? पुतळ्याचं तोंड काही बदलता येत नाही."

"नाव बदलता येतं," मी म्हटलं. "खालची पाटी चार स्क्रूंवर आहे."

"एका पाटकऱ्याचा पुतळा? माझ्या संस्थेत?"

"त्याने सोडलेल्या पाण्यावर तुमच्या पणजोबांचा ऊस उभा राहिला, दादासाहेब. आणि पुतळा त्याचाच आहे. मी कुठे नवीन मागतेय?"

ते चिडले नाहीत. ते उठले, खिडकीशी गेले, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तुमचं नियुक्तिपत्र सहीला आलंय. विचार करा." मी म्हटलं, "केलाय." मी फोटो उचलला, नमस्कार केला आणि बाहेर आले. आवारातून जाताना झिपरूकडे मान वर करून पाहिलं. त्याच्या जोड्यांचा मला फार राग आला.

दुरुस्ती मी लिहिली. तीन वेळा खोडून. छापली ती अशी: "बंधारे विशेषांकात पान आठवर बंधाऱ्याचा फोटो उलटा छापला. पान सुंदर दिसावं म्हणून तो मी मुद्दाम उलटा केला आणि नावं मात्र तशीच ठेवली. त्यामुळे झिपरू पाटकरी यांच्या चेहऱ्याखाली बळवंतराव यांचं नाव गेलं आणि बळवंतरावांच्या चेहऱ्याखाली झिपरूंचं. या चुकीच्या फोटोवरून उभारलेला पुतळा झिपरू पाटकरी यांचा आहे. ते अनवाणी होते. पाट उलटा असल्याचं सीताबाई यांनी दाखवून दिलं. चूक माझी. मंदा." 'ते अनवाणी होते' हे वाक्य आत्या काढेल असं वाटलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं, पूर्णविरामासकट, आणि पुढे गेली.

मग आईने खळ शिजवली, आजवरची सगळ्यात मोठी. आत्या आणि मी महिनाभर हिंडलो. सिन्नरच्या वाचनालयात पंख्याखाली चिठ्ठ्या उडाल्या आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी काठ्यांनी अडवून दिल्या. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, एसटी पुढे सरकेना, तेव्हा आम्ही मार्केट यार्डापासून डब्यातली खळ सांभाळत चालत गेलो. दादासाहेबांच्या संस्थेत मात्र आम्हाला वाचनालयाच्या दारातच अडवलं. अंक काचेच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं. नियुक्तिपत्र आलं नाही, कधीच. नंतर दोन वर्षं मी शिकवण्या घेतल्या, तेव्हा नातेवाईक आईला विचारायचे, "नोकरीचं काय झालं?" आई सांगायची, "खळीत गेली." ती हे हसत सांगायची, मला ते तेव्हा लागायचं.

सगळ्यात शेवटी सीताबाईकडे गेलो. तिच्या अंगणात, खाटेवर बसून, मी चिठ्ठी वाचून दाखवली आणि मूळ फोटो तिच्या हातात दिला. तिने आज्याला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या जन्माआधीच तो गेला होता. फोटो तिने उन्हात धरला, लांब धरला, जवळ धरला.

"हाऊ मना आजा?"

"हो."

तिने पदराने फोटोवरची नसलेली धूळ पुसली. मग तिने पहिल्यांदा पाटाकडे पाहिलं, तो बरोबर हाताला आहे ना याची खात्री करून घेतली, आणि मग ती रडली. आम्हाला तिने खापरावरची पुरणपोळी करून घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, पुतळा दाखवा. आम्ही तिघी गेलो. वॉचमनला वाटलं, कोणी गावाकडची बाई मालकांच्या पूर्वजाला हार घालायला आली आहे, त्याने आदराने फाटक उघडलं. सीताबाईने हार घातला, पायांवर हात ठेवला, जोड्यांवर. मी पाटीकडे बोट दाखवून म्हटलं, "सीताबाई, हे नाव बदलायला लावू आपण." ती माझ्याकडे वळली.

"नाव त्यासनं ऱ्हाऊ द्या. तोंड ते आमनं शे ना!"

आत्याने मान डोलावली. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मोठी माणसं होती, दोघी. मी नव्हते, अजूनही नाही. मला ते वाक्य तेव्हा पटलं नाही आणि आज पन्नाशी ओलांडल्यावरही पटत नाही. मी पिशवीतून डबा काढला, वॉचमनच्या डोळ्यांदेखत पाटीवर बोटाने खळ लावली आणि पिवळी चिठ्ठी दाबून बसवली, चारही कोपरे नीट. त्याने शिट्टी वाजवली. आम्ही पळालो नाही. आत्याने त्याला चिठ्ठी वाचून दाखवली, विरामचिन्हांसकट.

संध्याकाळपर्यंत ती खरवडली गेली असणार. दुसऱ्या वर्षी, पाटाला पाणी सुटलं त्या आठवड्यात, मी पुन्हा गेले आणि पुन्हा लावली. दरवर्षी जाते. आत्या गेली, दादासाहेब गेले, 'गाळपेर' बंद पडला, सीताबाईच्या मागे आता तिची सून पाण्याच्या पाळ्या बघते. वॉचमन तीन बदलले. पाटी तीच आहे, नाव तेच आहे. मोरचूद हल्ली सहज मिळत नाही, शेतीच्या औषधांच्या दुकानातून आणावा लागतो, आणि दुकानदार दरवेळी विचारतो, द्राक्षाला का? मी नाही म्हणते, झिपरूला. खळ मी आईच्याच पातेल्यात करते, लाल दोऱ्याच्या. परवा निघायचं आहे. चिठ्ठ्या छापून आल्यात; यंदा शंभर घेतल्या आहेत, माझ्यामागेही पुरतील अशा.